कटकन् मोडणारं मूळ

मध्य प्रदेशातल्या नीमचला औषधी वनस्पतींची मोठी मंडी आहे. थंडी ओसरायला लागली की तिथं असगंधाचे, म्हणजे आपल्या अश्वगंधाचे, ढीग लागतात. व्यापारी ढिगात हात घालतो, एक मूळ उचलतो आणि मोडतो. कट् असा आवाज झाला की मोडलेल्या तोंडाकडे बघतो. आत पांढरंशुभ्र दिसलं तर भाव चढतो. मूळ वाकलं, तंतू सोडत चिवटपणे तुटलं किंवा आत पिवळट निघालं, की उतरतो. भिंग नाही, रसायन नाही, काही सेकंदांत शेतकऱ्याच्या सहा महिन्यांच्या मेहनतीचा हिशोब!

एवढ्याशा आवाजात असं काय असतं?

बरंच काही असतं. अश्वगंधा ही वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू यांच्या कुळातली वनस्पती. महाराष्ट्रात कोरडवाहू भागात बांधाच्या कडेला, पडक्या वाड्याच्या आवारात ती आपली आपण उगवते. आसंध किंवा ढोरगुंज म्हणून लोक तिला ओळखतात. मऊ लव असलेली पानं, कागदी पिशवीत गुंडाळलेलं लाल फळ. नीमच-मंदसौरकडे मात्र तिची शेती होते. पावसाळ्यात पेरतात आणि साधारण १५० ते १८० दिवसांनी, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, उपटतात. पानं वाळायला लागली, फळं लाल झाली, की मूळ तयार झालं असं समजायचं.

आता हे बघा: झाडाच्या डोक्यावरचं फळ लाल झालं, यावरून जमिनीखालचं मूळ तयार झाल्याचं कसं कळतं? कारण झाड पानांत तयार केलेलं अन्न खाली नेऊन मुळात स्टार्चच्या रूपानं साठवतं. पानं सुकायला लागतात तेव्हा कोठार भरत आलेलं असतं. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी मुळं शिशिरात किंवा ग्रीष्मात काढावीत असं सांगितलंय. स्टार्चचा कण सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहिला नव्हता, तेव्हाचा हा सल्ला! शेतात उभं राहून, वर्षानुवर्षं बघून तो आलेला असणार.

स्टार्चनं भरलेलं मूळ नीट वाळलं की ठिसूळ होतं आणि कटकन् मोडतं. ओल राहिली असेल तर वाकतं, आणि ओल म्हणजे पुढं पोत्यात बुरशी. काढायला उशीर झाला असेल तर मूळ लाकडासारखं होतं आणि मोडताना तंतू निघतात. म्हणजे त्या एका ‘कट्’मध्ये वाळवणी, वय आणि भरीवपणा अशा तीन गोष्टींची साक्ष आहे. या पारखीवर मग प्रतवारी बसते. सुमारे सात सेंटिमीटर लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, ठिसूळ, आतून पांढरं मूळ ‘अ’ प्रतीचं. पाच सेंटिमीटरचं ‘ब’. तीन-चार सेंटिमीटरच्या बारीक पण भरीव फांद्या ‘क’. आणि पोकळ, पिवळट, काडीसारखे तुकडे ‘ड’.

इथपर्यंत सगळं कसं जुळून आलं. पण आता एक अडचण आहे, आणि मला ती फार आवडते.

स्टार्च म्हणजे औषध नव्हे! बटाट्यातही स्टार्चच असतो. अश्वगंधाची मुळी लोक ज्यासाठी घेतात त्या गुणांचं श्रेय शास्त्रज्ञ मुख्यतः देतात ते विथॅनोलाइड नावाच्या रेणूंना. हे स्टिरॉइडांच्या घराण्यातले, कोलेस्टेरॉलचे लांबचे नातलग. या एका वनस्पतीत त्यांचे चाळिसाच्या आसपास प्रकार सापडले आहेत. झाड ते आपल्यासाठी करत नाही हे उघड आहे. पानं कुरतडणाऱ्या किड्यांना ते नकोसे वाटतात, झाडाला तेवढं पुरतं. आणि मुळात त्यांचं प्रमाण किती? शंभर ग्रॅम वाळलेल्या मुळात पाव ते अर्धा ग्रॅम, तेही मूळ चांगलं असेल तर.

म्हणजे मंडीत भाव ठरतो तो कोठाराच्या आकारावर, आणि औषध असतं कोठारातल्या एका कोपऱ्यातल्या पुडीत. जाड, पांढऱ्या, ‘अ’ प्रतीच्या मुळात विथॅनोलाइड जास्त असतीलच याची काही हमी नाही. मग व्यापारी वेडा आहे का? मुळीच नाही. तो मूळ वाळलंय का, सडलंय का, जून झालंय का, हे बघतो आणि ते अचूक बघतो. औषध किती आहे हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेतले आणि मंदसौरच्या संशोधन केंद्रातले पैदासकार गेली काही दशकं हाच प्रश्न विचारत आहेत. पोषिता, रक्षिता, जवाहर असगंध-२० अशी वाणांची नावं त्यातून आली. त्यांना मूळ भरघोसही हवं आणि विथॅनोलाइडही भरपूर हवेत, आणि झाडाच्या लेखी या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या नाहीत.

या सगळ्या गोष्टीत एक धागा आहे, तो आताच धरून ठेवा. आपण मालाची एखादी खूण बघून त्याची किंमत ठरवतो, आणि ज्या क्षणी ती खूण पैसे देऊ लागते, त्या क्षणी कुणीतरी खूणच तयार करायला बसतो.

हळदीचंच बघा. तेही जमिनीखालचंच पीक, आणि तिथं खूण म्हणजे पिवळा रंग. आपल्या सांगलीच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघतात. बांगलादेशात १९८०च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजली, काळपट पडली. ती विकायची कशी? काही व्यापाऱ्यांनी तिला पिवळं रंगद्रव्य चोळलं: लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग. हळद झळाळली, गिऱ्हाईक खूश झालं, आणि प्रथाच पडली. पुढं गरोदर बायकांच्या रक्तात शिसं का सापडतंय, याचा शोध स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी घेतला. शिशाचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. हलक्या-जड अणूंचं आपसातलं प्रमाण खाणीखाणीगणिक बदलतं. रक्तातल्या शिशाचं हे प्रमाण हळदीतल्या शिशाशी जुळलं! आईच्या रक्तातून बाजारातल्या डब्यापर्यंत माग काढता आला. मग सरकार हललं, धाडी पडल्या, दंड झाले. २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं; २०२१ साली एकाही नमुन्यात सापडलं नाही. दोन वर्षांत! अन्नभेसळीच्या इतिहासात इतकी चांगली बातमी मला दुसरी आठवत नाही.

अश्वगंधाकडे परत येऊ. मूळ आख्खं आहे तोवर निदान मोडून बघता येतं. चूर्ण झालं की आवाज गेला, लांबी गेली, जाडी गेली. राहिली एक फिकट बदामी पूड. ती कशाचीही असू शकते.

कशाचीही? इथं सूक्ष्मदर्शक पुढं येतो. चिमूटभर पूड काचपट्टीवर घेऊन बघितली की स्टार्चचे कण दिसतात, कॅल्शियम ऑक्झॅलेटचे वाळूसारखे बारीक स्फटिक दिसतात. आणि जे दिसायला नको ते दिसलं तर चोरी पकडली जाते. पानाला श्वास घ्यायला पर्णरंध्रं असतात, ओठांच्या जोडीसारख्या दोन पेशी आणि मध्ये फट. मुळाचा सगळा जन्म अंधारात, मातीत जातो. त्याला पर्णरंध्र कधीच नसतं. तेव्हा मुळाच्या चुर्णात एक जरी पर्णरंध्र दिसलं तरी झाडाचा जमिनीवरचा हिरवा भाग आत शिरलाय हे नक्की. अश्वगंधाच्या पानावरची लव तर फांद्या फुटलेल्या केसांची असते, दळल्यावरही तिचे तुकडे ओळखू येतात. गिरणीत घालून भुगा केला तरी झाडाच्या प्रत्येक अवयवाची सही शिल्लक राहते!

जुन्या औषधशास्त्रज्ञांची आणखी एक चाचणी आहे, आणि तिच्या साधेपणाला मी दाद देतो. मूळ जाळायचं. उरलेली राख वजन करायची. औषधांची मानकं सांगणारा आयुर्वेदिक फार्माकोपिया हा ग्रंथ म्हणतो, शंभर ग्रॅम अश्वगंधाच्या मुळाची राख सात ग्रॅमच्या वर जायला नको. जास्त भरली तर? तर ती राख हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायची. झाडाचे स्वतःचे क्षार विरघळून जातात. तळाशी जे उरतं ती वाळू. मूळ जमिनीतून येतं, माती चिकटलेली असणारच, शेतकरी ती बडवून झाडतो. पण माती वजनाला भारी आणि फुकट, त्यामुळे झाडायचा कंटाळा करण्यात फायदा असतो. आगीनं आणि आम्लानं किती कंटाळा केला ते नेमकं मोजता येतं.

मातीबरोबर जिवाणूही येतात. त्यांच्यासाठी वाफ देतात किंवा गॅमा किरणांचा मारा करतात. नवी मुंबईत वाशीला अणुऊर्जा विभागाचं असं केंद्र २००० सालापासून चालू आहे, मसाले तिथं बंद पोत्यांतच निर्जंतुक होतात. शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांच्यावर मात्र वाफेचा नि किरणांचा काही उपाय नाही. जमिनीत असलं तर मुळात उतरतं. म्हणून त्यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत: दहा लाख भागांत शिसं दहा भाग, आर्सेनिक तीन, पारा एक, कॅडमियम ०.३.

जाता जाता मुंबईचीही एक मुळी सांगतो. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. हो, बोरिवली! आज जिथं लोकलला लोंबकळायला जागा मिळत नाही, त्या उपनगराचं नाव जगभरच्या मुसळीच्या डब्यांवर छापलेलं असतं. ही मुळी सोलून, पांढरी करून विकतात. सोललेली शतावरीही पांढरीच दिसते आणि कितीतरी स्वस्त पडते. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

अश्वगंधात मात्र बाहेरची वनस्पती आणायची गरजच पडत नाही. भेसळ त्याच झाडावर, मुळाच्या दीड फूट वर, लोंबत असते.

मूळ काढलं की झाड संपलं. पानं मात्र खुडली तरी पुन्हा येतात, आणि मूळ काढल्यावर ती नाहीतरी शेतातच पडून राहतात. म्हणजे जवळपास फुकटचा माल. आणि गंमत अशी, की पानात विथॅनोलाइड कमी नसतात. विथाफेरिन-ए नावाचा एक विथॅनोलाइड तर पानात मुळाच्या कितीतरी पट असतो. १९६०च्या दशकात इस्रायली रसायनशास्त्रज्ञांनी विथाफेरिन-ए शुद्ध रूपात मिळवला तोही पानांतूनच. तेव्हा बाजारानं ज्या दिवशी ‘विथॅनोलाइड किती टक्के?’ हा शहाणा, आधुनिक प्रश्न विचारायला सुरुवात केली, त्या दिवशी पानं मिसळणाऱ्याची चांदी झाली. त्यानं मूळ कमी करून पान घातलं, आणि टक्केवारी वर गेली! भेसळ केल्यानं माल कागदावर जास्त चांगला झाला.

धागा आठवतोय ना? ‘कट्’ आवाजापेक्षा ही खूण कितीतरी विज्ञाननिष्ठ होती. तरी फसली.

मग बिघडलं कुठं, असं कुणी विचारेल. पानातही तेच द्रव्य आहे तर घेऊ द्या की. पण ‘तेच’ नसतं. मुळात आणि पानात विथॅनोलाइडांचा कुटुंबकबिला वेगळा आहे, कुणाचा वाटा किती हे वेगळं आहे. परंपरेनं पोटात घ्यायला सांगितलंय ते मूळ. विथाफेरिन-ए हा पेशींवर जबरदस्त परिणाम करणारा रेणू आहे, प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी त्याचा अभ्यास होतो तो उगाच नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुष मंत्रालयानं उत्पादकांना पानं वापरू नका अशी सूचना काढली. पोटात घेण्यासाठी पानं सुरक्षित आणि गुणकारी आहेत याचा पुरेसा आधार नाही, असं कारण दिलं.

बरं, पान मिसळलेलं पकडायचं कसं? चुर्णात पर्णरंध्रं दिसतील. पण अर्कात? हल्लीच्या कॅप्सुलांत चूर्ण क्वचित असतं. मूळ पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये उकळतात, गाळतात, आटवतात, पूड करतात. त्यात पेशीच उरत नाहीत. सूक्ष्मदर्शक संपला.

डीएनए आहे की, म्हणाल. तो तर खोटं बोलत नाही! न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलनाही तसंच वाटलं होतं. फेब्रुवारी २०१५मध्ये त्यांनी चार बड्या दुकानसाखळ्यांच्या वनौषधी डब्यांची डीएनए तपासणी जाहीर केली. जिनसेंग, व्हॅलेरियन, एकिनेशिया, लसूण वगैरे. लेबलवरच्या वनस्पतीचा डीएनए फक्त २१ टक्के चाचण्यांत मिळाला. इतर डब्यांत काय मिळालं? तांदूळ, गहू, घेवडे, अशा वनस्पतींचे अंश. देशभर खळबळ उडाली.

आणि मग वनस्पतीरसायनाचे जाणकार, त्यांतले काही भेसळीचे कट्टर शत्रू, पुढं येऊन म्हणाले: थांबा. अर्क काढताना उष्णतेनं, द्रावकानं डीएनएचे तुकडे होतात, बराचसा गाळणीतच राहतो. अस्सल जिनसेंगच्या उत्तम अर्कातही जिनसेंगचा डीएनए सापडेलच असं नाही. उलट कॅप्सूल भरायला सोयीचं म्हणून जे तांदळाचं पीठ मिसळतात, त्याचा डीएनए धडधाकट असतो. म्हणजे यंत्रानं खोटं सांगितलं नाही. त्याला विचारलेला प्रश्नच त्या मालाला लागू नव्हता.

आणि अश्वगंधाच्या बाबतीत तर डीएनए आणखीनच हतबल आहे. जरा विचार करा. एकाच झाडाच्या पानात आणि मुळात डीएनए कोणता असतो? तोच! शब्दशः तोच. झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत एकच पोथी असते. पान तिची काही पानं वाचतं, मूळ दुसरी वाचतं. तेव्हा पानाचं शंभर टक्के चूर्ण दिलं, तरी डीएनए छातीठोकपणे ‘अश्वगंधा’ असंच सांगणार.

मग वाचलेली पानं वेगळी, म्हणून तयार झालेली रसायनंही वेगळी. तीच शोधायची. इथं उपयोगी पडते ती मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतीशास्त्रज्ञाची युक्ती. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यानं काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासली, वरून हिरव्या पानांचा रस ओतला आणि द्रावक सोडला. रस खाली उतरता उतरता त्यातली रंगद्रव्यं एकमेकांपासून सुटी झाली, हिरवे नि पिवळे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर थांबले. का? कुणी खडूला जास्त चिकटतं, कुणी द्रावकाबरोबर पुढं पळतं. त्यानं या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हटलं. त्याच्या हयातीत तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आज औषधाची एकही प्रयोगशाळा तिच्याशिवाय उघडत नाही.

आता खडूच्या जागी पोलादी नळी आहे, आत मिलीमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे कण आहेत, आणि पंप शंभरावर वातावरणांच्या दाबानं द्रव ढकलतो. अर्काचा एक थेंब आत गेला की पंधरा-वीस मिनिटांत त्यातलं एकेक द्रव्य रांगेनं बाहेर येतं आणि कागदावर एकेक शिखर उमटवतं. हे विथॅनोसाइड-४, हा विथाफेरिन-ए, हा विथॅनोलाइड-ए. आणि हे काय? क्वेर्सेटिन नि केम्फेरॉलची शर्करायुक्त संयुगं! ही पानात असतात, मुळात जवळजवळ नसतातच. झाड पानांत ती तयार करतं. उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचावाला ती कामी येतात, आणि जमिनीखाली ऊन पोचत नाही. म्हणजे भेसळखोराचं बिंग कशानं फुटलं? पानानं सूर्य पाहिला होता, त्यानं.

इथं तरी सुटलो म्हणावं, तर लेबलवर ‘विथॅनोलाइड ५ टक्के’ लिहिलेलं असतं आणि ते कसं मोजलं हे नसतं. मोजायच्या पद्धती दोन. एक वरची, शिखरं मोजणारी. दुसरी जुनी, वजनाची: अर्कावर ठराविक द्रावकांची प्रक्रिया करायची, जे वेगळं निघेल ते वाळवून तागडीत टाकायचं आणि त्या सगळ्याला विथॅनोलाइड म्हणायचं. भेळेतले दाणे किती ते विचारलं, आणि भेळवाल्यानं चिंचेच्या चटणीसकट अख्खा पुडा तोलून ‘एवढे’ म्हणून सांगितलं, तसं हे. वजनाच्या पद्धतीत आकडा फुगतो, कधी कधी कितीतरी पट. दोन डब्यांवर पाच-पाच टक्के लिहिलेलं असेल आणि आतल्या मालात जमीनअस्मानाचा फरक असेल, आणि दोन्ही कंपन्या शपथेवर सांगतील की आम्ही मोजलंय. खोटं कुणीच बोलत नाही!

बरं, मूळ अस्सल निघालं म्हणून गुण येईलच का? हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जाहिरातीत दिसतं तेवढं ठाम नाही. २०१२ साली भारतात झालेला एक अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. ताणतणाव असलेल्या ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळाचा अर्क रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम, असा ६० दिवस दिला. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं. उत्सुकता वाटावी असाच निकाल आहे. पण ६४ माणसं म्हणजे एका लग्नाच्या पंगतीतली एक ओळ. अशा छोट्या अभ्यासांची संख्या वाढते आहे, मोठे आणि लांब चालणारे अजून थोडे आहेत.

उलट्या बाजूचंही सांगायला हवं. २०२० साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली: अश्वगंधाची पूरकं घेतल्यावर कावीळ, यकृताला इजा. यकृत निकामी कुणाचं झालं नाही, पण नोंद झाली. डेन्मार्कनं २०२३ साली अश्वगंधाच्या पूरकांवर बंदीच घातली. ज्या आधारावर ती घातली त्यावर भारतातल्या तज्ज्ञांनी आक्षेप घेतले, वाद चालू आहे. तो मिटेपर्यंत गरोदर बाईनं, थायरॉइडची किंवा यकृताची तक्रार असलेल्यानं दुकानदाराच्या सल्ल्यावर ही डबी उचलू नये, डॉक्टरांना विचारावं. मूळ कितीही शुद्ध असलं तरी ही खबरदारी घ्यायचीच.

आता पैशाचं बोलू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पावकीचं गणित पुरतं.

समजा कॅप्सूल ३०० मिलिग्रॅमची, पाच टक्क्यांची. त्यात विथॅनोलाइड किती? १५ मिलिग्रॅम. आणि चूर्ण घेतलं तर? फार्माकोपियात मात्रा आहे तीन ते सहा ग्रॅम. मुळात ०.३ टक्के धरले, तर पाच ग्रॅममध्ये, म्हणजे चमचाभर चुर्णात, किती? तेही १५ मिलिग्रॅम! चकचकीत डबीतली एक कॅप्सूल आणि कागदाच्या पुडीतलं चमचाभर चूर्ण, दोन्ही एकाच आकड्यावर येऊन उभी राहतात. कॅप्सुलेत चव लागत नाही, प्रवासात नेता येते, मात्रा सारखी राहते. त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. पण आपण नेमके कशाचे पैसे देतोय ते कळलेलं बरं.

डबी उलटी करून बघायची सवय लावा. आपल्याकडच्या लेबलांवर वनस्पतीच्या लॅटिन नावापुढं बारीक अक्षरांत ‘आर-टी’ दिसलं तर मूळ, ‘एल-एफ’ दिसलं तर पान. अमेरिकेत वनस्पतीचा कुठला भाग वापरला ते छापणं बंधनकारकच आहे. यांपैकी काहीच नसेल, नुसतं ‘अश्वगंधा अर्क’ एवढंच असेल, तर पुढं वाचायचे कष्ट घेऊ नका. टक्क्यांपुढं ‘एचपीएलसीनुसार’ असं काही आहे का बघा; ती शिखरं मोजणारी पद्धत. बॅच क्रमांक असेल तर कंपनीला त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. चांगल्या कंपन्या देतात, काहींच्या डबीवर तर मोबाइलनं टिपायचा चौकोनच असतो.

आणि एक छोटी मौज. काही डब्यांवर दोन दावे शेजारी-शेजारी असतात: ‘१०ः१ अर्क’ आणि ‘विथॅनोलाइड १० टक्के’. पहिल्याचा अर्थ, दहा किलो मुळापासून एक किलो अर्क. आता उलटं मोजा. एक किलो अर्कात दहा टक्के, म्हणजे शंभर ग्रॅम विथॅनोलाइड. ते दहा किलो मुळातून आले, म्हणजे मुळातच ते एक टक्का असायला हवेत, तेही अर्क काढताना कणभर वाया गेलं नाही असं धरून. चांगल्या मुळात पाव ते अर्धा टक्का असतात. पानं घातली की हे गणित चुटकीसरशी सुटतं. पण नाही, आम्ही निव्वळ मूळच वापरतो, असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं कॅप्सुला विकत बसण्यात अर्थ नाही. लखनौला जाऊन त्या पैदासकारांना बियाणं विकावं.